आभाळातल्या फासळ्या

डोमाजी हटवारांच्या घरी पहिल्यांदा गेलो, तेव्हा त्यांनी मला फाटकातून आत आल्याबरोबर परत पाठवलं.

"वापस जा जी," ओट्यावर उकिडवे बसून ते म्हणाले.

मी अड्याळच्या शाळेत गणिताचा मास्तर म्हणून नुकताच लागलो होतो. ते तिथले ड्रॉइंगचे मास्तर. ओळख करून घ्यावी म्हणून मी आपणहून गेलो होतो, हातात बायकोनं, विमलनं, दिलेला लाखोरीच्या डाळीच्या वड्यांचा डबा. आणि हा माणूस म्हणतो, वापस जा! मी दिघोरीचा. आमच्या गावात भांडायला आलेल्या माणसालाही आधी पाणी विचारतात. मी डब्यासकट वळलो आणि तरातरा फाटकाबाहेर पडलो.

"हां. अन् आता पुन्हा या," मागून आवाज आला.

का कोण जाणे, मी आलो. त्यांची नजर माझ्या तोंडाकडे नव्हतीच, पायांकडे होती. त्यांनी मला आणखी एकदा पाठवलं, आणखी एकदा बोलावलं, आणि मग कुठे समाधानानं मान हलवून पोतं अंथरलं.

"बसा जी. तुमचा डावा पाय हातचा राहिल्यासारखा मागून येते. गणिताचे मास्तर काय?"

घरी येऊन मी हे विमलला सांगितलं. तिनं मला स्वयंपाकघरातून अंगणापर्यंत दोनदा चालायला लावलं आणि म्हणाली, "खरंच येते जी."

अशी आमची ओळख झाली. पुढे कळलं, की हा मान माझा एकट्याचा नव्हता. डोमाजींच्या घरी कोणीही एका खेपेत पोचत नसे. पोस्टमननं तर शेवटी कंटाळून फाटकाबाहेरूनच पत्रं फेकायला सुरुवात केली होती. दही विकणारी बाई मात्र हुशार. ती आपणहून तीनदा ये-जा करायची आणि वर विचारायची, "झालं का मास्तर? आता दही घेता का?"

शाळेत एकदा तपासणीला मोठे साहेब आले. कडक माणूस. शिपायापासून हेडमास्तरांपर्यंत सगळे सकाळपासून घामाघूम. साहेब ड्रॉइंगच्या वर्गात शिरले आणि डोमाजी खडू हातात धरून म्हणाले, "साहेब, जरा वापस जा, अन् पुन्हा या जी."

हेडमास्तरांनी डोळेच मिटून घेतले. साहेब क्षणभर थबकले. मग काय वाटलं त्यांना कोण जाणे, बाहेर गेले, दारावर टकटक केली, "आत येऊ का?" असं विचारलं आणि आले. शेरेबुकात त्यांनी लिहिलं, की या शाळेत शिस्तीच्या बाबतीत अधिकाऱ्यांचीही गय केली जात नाही, ही गोष्ट अनुकरणीय आहे. हेडमास्तर ते पान पुढची कितीतरी वर्षं लोकांना दाखवत. डोमाजींना त्याचं काही नव्हतं. ते मला म्हणाले, "साहेब टाच पहिले टेकवते. बुटाले घाबरते तो माणूस."

हे सगळं कशासाठी, तर डोमाजी कार्टून काढत. हलणारी चित्रं. आमच्या भंडारा जिल्ह्यात तेव्हा टीव्ही नावाची वस्तू फार लोकांनी पाहिलेली नव्हती, आणि हा गृहस्थ अड्याळात बसून टीव्हीवर दिसतात तशी चित्रं तयार करत होता. लोक त्यांना चित्तरमास्तर म्हणत. काही लोक दुसरंही काही म्हणत, पण ते इथं लिहायचं कारण नाही.

हलत्या चित्राला सेकंदाला बारा चित्रं लागतात. हे मला त्यांनीच सांगितलं आणि पुढे जन्मभर विसरू दिलं नाही. त्यांच्याजवळ घड्याळ नव्हतं, गरजही नव्हती. ते वेळ चित्रांत मोजत. "बसा जी, तीन हजार चित्तरात चहा होते." मी मनात गुणाकार करायचो. चार मिनिटं, म्हणजे दोन हजार आठशे ऐंशी. बरोबर. भंडाऱ्याची बस त्रेचाळीस हजार चित्रांत पोचायची, वाटेत बिघडली तर लाखावर जायची. हेडमास्तरांचं पंधरा ऑगस्टचं भाषण सुरू झालं, की डोमाजी माझ्या कानाशी लागून म्हणत, "एवढ्यात त हत्तीची वरात निंगली असती, मास्तर."

त्यांची सुरुवात नाटकाच्या पडद्यांपासून झाली. आमच्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर गावोगाव नाटकं होतात. त्यांचे महालाचे, जंगलाचे पडदे हे तरुणपणी रंगवत. एकदा एका गावी नाटक ऐन रंगात असताना वारा सुटला, जंगलाचा पडदा थरथरला, आणि त्यावरचं हरीण धावल्यासारखं दिसलं. लोकांनी राजाचं भाषण सोडून हरणाला टाळ्या दिल्या. राजा रागावला, पण डोमाजींचं तिथंच ठरलं. आपलं चित्र चाललं पाहिजे.

त्या नादात ते मुंबईला गेले. एका कार्टूनच्या स्टुडिओत कामाला लागले. तिथली रीत अशी, की मोठे चित्रकार पहिलं चित्र काढणार आणि शेवटचं काढणार. पाय उचलला, एवढं एक. पाय टेकला, एवढं एक. मधली सगळी चित्रं हाताखालच्यांनी भरायची. डोमाजींनी सात वर्षं मधली चित्रं भरली. साबणाच्या जाहिरातीतलं अस्वल, दंतमंजनाच्या जाहिरातीतला उंदीर, सगळ्यांचे मधले पाय यांचे.

"नाव कुठी यायचं तुमचं?" मी विचारलं होतं.

"नाव पयल्या चित्तराचं असते जी. मधातल्यायचं नसते."

मग सत्तरनंतर चारपाच वर्षांनी ते एकाएकी मुंबई सोडून परत आले. बायको वारली होती, एवढं गावाला माहीत होतं. मूलबाळ नव्हतं. येताना स्टुडिओनं भंगारात काढलेला एक चावीचा कॅमेरा तेवढा मागून आणला होता. सुतारानं त्यांना त्यासाठी एक उंच लाकडी घोडी करून दिली. कॅमेरा वर टांगलेला, तोंड खाली, खाली काचेचा पाट. त्या पाटावर एकेक चित्र ठेवायचं आणि कळ दाबायची. सुतार गावभर सांगत हिंडला, की मास्तरनं चित्रांचे फोटो काढायचं ठरवलं आहे, माणसांचे काढले असते तर चार लोकांचं भलं झालं असतं.

चित्रं काढायला पारदर्शक कागद लागतात. एकावर एक ठेवले तरी खालचं दिसलं पाहिजे. मुंबईत ते रिमांनी मिळत. अड्याळात कुठून मिळणार? पण डोमाजींनी तोड काढली होती, आणि ती तोड बघून मी पहिल्यांदा त्यांच्यापुढे मनातल्या मनात हात जोडले.

भंडाऱ्याला एक छातीचे डॉक्टर होते. त्यांच्याकडच्या जुन्या, कोणी न नेलेल्या एक्सरेच्या प्लेटा डोमाजी गठ्ठ्यानं आणत. दर रविवारी अंगणात घमेल्यात ऊन पाणी आणि कास्टिक सोडा टाकून त्यात त्या प्लेटा भिजत घालायच्या. हळूहळू काळं सुटतं, फासळ्या विरघळतात, आणि हातात उरतो स्वच्छ, फिकट निळसर कागद. त्या निळसरपणावर ते भारी खूश होते. "आभाळ आयतंच भेटते जी, रंग कायले पायजे?" चित्राचं काम झालं, की रंग पुसून तीच प्लेट पुन्हा घ्यायची.

रविवारचा हा कार्यक्रम हळूहळू माझाही झाला. विमल म्हणायची, "दुसऱ्याचे नवरे पत्ते खेळतात, आमचे फासळ्या धुतात."

या धुण्याला एक विधी होता. प्लेटच्या कोपऱ्यात इंग्रजीत पेशंटचं नाव असायचं. डोमाजी प्रत्येक प्लेट पाण्यात सोडण्यापूर्वी उन्हाकडे धरत, नाव मोठ्यानं वाचत आणि ओळख असल्यासारखं बोलत. "तुकाराम काय? बरे झाले असाल जी आता. या." मग प्लेट पाण्यात. "शांताबाई. खोकला गेला का वो माय? या." एकही प्लेट त्यांनी नाव घेतल्याशिवाय पाण्यात टाकली नाही. मला आधी हसू यायचं. पुढे मीही वाचू लागलो. एकदा घाईत मी पाचसहा प्लेटा तशाच सोडल्या, तर त्यांनी त्या बाहेर काढायला लावल्या. "असं नाही करायचं मास्तर. माणसं आहेत थे."

ऐंशीनंतर दोनचार वर्षांनी गोष्टी भराभर घडल्या. स्टुडिओतला त्यांचा एक जुना सोबती टीव्हीच्या केंद्रात लागला होता. त्याचं पत्र आलं, की मुलांच्या कार्यक्रमासाठी दोन मिनिटांचं कार्टून करून पाठव, पसंत पडलं तर तेरा भागांची मालिका देऊ. तेरा भाग! आणि सुरुवातीला नाव डोमाजींचं. सात वर्षं मधली चित्रं भरणारा माणूस पहिलं चित्रही काढणार होता आणि शेवटचंही. पत्र त्यांनी मला वाचून दाखवलं.

त्यांनी विषय निवडला सारस पक्ष्याचा. आमच्याकडच्या धानाच्या बांध्यांत, म्हणजे पाणी भरलेल्या शेतांत, आणि तलावाकाठी हे उंच पक्षी जोडीनं फिरतात. पण डोमाजींच्या सारसाला चाल हवी होती, आणि खरे सारस काही वापस जाऊन पुन्हा येईनात. मग त्यांनी इस्तारीला धरलं. इस्तारी ढीवर, तलावात मासोळ्या धरणारा, काटकुळा, लांब तंगड्यांचा. गुडघाभर पाण्यात जाळं घेऊन चालताना तो पाय असा अलगद उपसून काढायचा, की पाण्याला पत्ता लागू नये. डोमाजी काठावर वही घेऊन बसले आणि त्याला पंधरा वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत चालवला.

"मास्तर, मासोळ्या पळून राहिल्या ना जी तुमच्या पायी!" इस्तारी वैतागला.

"माह्या पायी कायच्या? तुह्याच पायी. पुन्हा ये."

चौदाशे चाळीस चित्रं झाली. रीळ गेलं, दाखवायचं ठरलं, तारीख कळली. गावात टीव्ही एकच, किराणावाले भुजाडे शेठ यांच्याकडचा. संध्याकाळी त्यांच्या अंगणात अर्धं अड्याळ लोटलं. मी सगळ्यात पुढे, कारण त्यातल्या बऱ्याच प्लेटा मी धुतलेल्या.

पडद्यावर डोमाजींचं नाव आलं. अंगण ओरडलं. मग सारस आला. बांधीतून पाय उपसत, मान डोलवत, दोन पावलं टाकून थबकत. आणि पाचव्या सेकंदाला एका म्हातारीनं हाक दिली, "अव्वा माय, हा त इस्तारी होय!" इस्तारीच तो. गावानं त्याला डोक्यावर घ्यायचंच बाकी ठेवलं. तो लाजून खांबामागे गेला, तर लोक म्हणाले, बघा, सारस कसा लपतो.

एवढ्यात त्याच इस्तारीनं विचारलं, "मास्तर, आभाळात फासोळ्या काहून दिसून राहिल्या जी?"

मी पाहिलं. सारसाच्या मागच्या आभाळात, डावीकडून उजवीकडे, माणसाच्या छातीच्या फासळ्या. पुसट, पण सरळ सरळ फासळ्या. एक प्लेट अर्धवट धुतली गेली होती. कोणाच्या हातून, हेही मला ठाऊक होतं. त्या रविवारी बाजार उठायच्या आत पोचायचं म्हणून मी शेवटच्या प्लेटा लवकर उपसल्या होत्या, आणि डोमाजींनी, नीट पाहिल्या का, म्हणून मला विचारलं तेव्हा बेधडक हो म्हटलं होतं.

फासळ्यांच्या मधोमध एक पांढरा चौकोन चमकला, आणि भुजाडे शेठ खुर्चीवरून उठून उभे राहिले.

"अरे! हा त माह्या ताईत!"

झालं होतं असं, की शेठना मागल्या वर्षी खोकला झालेला. भंडाऱ्याच्या डॉक्टरनं एक्सरे काढताना ताईत उतरवा म्हटलं, तर शेठनी नकार दिलेला, आणि पुढे प्लेट न्यायलाही गेले नव्हते. तो चांदीचा ताईत आता त्यांच्याच टीव्हीत, त्यांच्याच छातीवर, सारसाच्या डोक्यावरून झळकत होता. शेठना राग यायला हवा होता. उलट त्यांनी अंगणात पेढे वाटले. पुढे महिनाभर दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाला ते सांगत, "पयला इस्तारी आला टीव्हीत, मंग मी."

केंद्राला मात्र हसू आलं नाही. आठवड्यानं पत्र आलं. सारसाची चाल उत्तम. परंतु पार्श्वभूमीवर आक्षेपार्ह डाग आढळले. आणखी एक भाग नमुन्यादाखल पाठवावा. तो पूर्णपणे स्वच्छ असल्यासच तेरा भागांचा विचार होईल.

मी डोमाजींकडे गेलो. त्या दिवशी त्यांनी मला वापस जा म्हटलं नाही, आणि तेच मला जास्त लागलं. मी सगळं कबूल केलं. बाजाराची घाई, खोटं बोललो ते, सगळं.

"आता तीनदा धुवू जी," ते म्हणाले. "तुम्हीच धुवा. माह्या भरोसा आहे."

शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. पुढचे तीन महिने मी जसा राबलो तसा स्वतःच्या लग्नातही राबलो नव्हतो. प्रत्येक प्लेट तीन पाण्यांतून काढली, उन्हाकडे धरून चारी कोपरे तपासले, आणि मग त्यांच्या हातात दिली. एका फासळीचा कण राहू दिला नाही. हा माणूस आयुष्यभर ज्याची वाट बघत होता, ते माझ्या दोन हातांवर अवलंबून होतं, आणि मला त्याची झोपेतसुद्धा आठवण असायची.

या भागाची गोष्ट साधी होती. सारसाची जोडी असते. त्यातली मादी एक दिवस उडून जाते. नर बांधीत उभा राहतो, तिथंच, पावसात, थंडीत, धान कापून झालं तरी. शेवटच्या सहा सेकंदांत ती परत येते. बस, एवढंच. शेवटची बहात्तर चित्रं डोमाजींनी मला दाखवली नाहीत. दार लावून एकट्यानं केली. मला वाटलं, अजून माझ्यावर पुरता विश्वास बसलेला नसावा, आणि तो बसावा तरी का?

रीळ गेलं. पुन्हा तारीख आली, पुन्हा शेठचं अंगण भरलं. डोमाजी नेहमीप्रमाणे सगळ्यात मागे, फाटकाला टेकून उभे. मी पडद्यावरून नजर हलवली नाही. एक मिनिट गेलं. आभाळ स्वच्छ. दीड मिनिट गेलं. स्वच्छ. मी श्वास सोडला.

मग शेवटचं दृश्य आलं. नर सारस एकटा उभा. मागे आभाळात हळूच पुसट पट्टे उमटले. एकाखाली एक, दोन्ही बाजूंनी वळलेले. त्यांच्यावर पांढऱ्या ठिपक्यांची एक बारीक माळ.

मी मनातल्या मनात धुतलेल्या प्लेटा पुन्हा मोजायला लागलो.

गाव मात्र खुळावलं होतं. "ढग पहा ढग!" "पाखरायची रांग चालली, पहा!" त्या ढगांखालून मादी आली, पाय उपसत, थबकत, आणि नराच्या शेजारी उभी राहिली. बायकांनी पदर डोळ्यांना लावले. भुजाडे शेठनी तेवढं विचारलं, "या बारीला माह्या फोटो नाही घेतला काय?"

मी मागे पाहिलं. फाटकाशी डोमाजी नव्हते.

मी धावतच त्यांच्या घरी गेलो. ते ओट्यावर बसले होते, चूल पेटवून चहा ठेवलेला. मी फाटकातूनच बोलायला लागलो. "मास्तर, माह्यानंच झालं. पुन्हा राहिली प्लेट. मी तीनदा धुतल्या जी, शपथ घेतो, पण राहिलीच. तुमचे तेरा भाग बुडवले मी."

"तुमच्या हातून नाही राहिली जी," डोमाजी म्हणाले. "थे धुवायची नव्हतीच."

त्यांनी आतून पत्र्याची पेटी आणली. पेटीत एक जुनं लुगडं, आणि लुगड्याच्या घडीत एक एक्सरेची प्लेट. त्यांनी ती मावळतीच्या उजेडाकडे धरली. बारीक, नाजूक फासळ्या. गळ्याखाली पांढऱ्या मण्यांची माळ. कोपऱ्यात नाव: कौतिका.

"डोरल्याचे मणी होय. डॉक्टरनं उतरव म्हटलं असन. नसन उतरवलं तिनं."

ते बोलत राहिले, माझ्याकडे न बघता.

"तार आली तवा मी एका उंदराचे पाय भरून राहिलो होतो. निंगतो निंगतो करता दोन दिवस उशिरा पोचलो. डॉक्टरनं मले हे देलं. घरी पाहिलं, त तिचा एक फोटो नाही जी. लगनातला नाही, जत्रेतला नाही. आमच्यात कोण काढते फोटो? एवढी मुंबई भरून लोकायच्या चाली पाह्यल्या, अन् कौतिका कशी चालते, मले विचारा त सांगता नाही येत. पाणी घेऊन येत असन, जात असन. मी मान वर करून पाह्यलंच नाही. पयलं चित्तर म्हणजे लगन, अन् शेवटचं म्हणजे थे तार. मधातले मी काढलेच नाही, मास्तर."

चुलीवर चहा उकळत होता. त्याच्याकडे दोघांचंही लक्ष नव्हतं.

"मुंबईले जाताना म्हणे, तुमचं चित्तर चालते त मले दाखवा एक डाव. हो म्हटलं. हे प्लेट उजेडात धरली तवाच मले सुचलं, का हा कागद त आरपार आहे, याच्यावर चित्तर काढता येते. एवढा सारा कारखाना तिच्याच पायी उभा झाला जी. मंग म्हटलं, तिले दाखवणं त झालं नाही. त मंग लोकायले तिलेच दाखवावं."

"पण तुम्हाले मालूम होतं ना," मी म्हणालो, "डाग दिसला का तेरा भाग गेले?"

"मालूम होतं."

एवढंच. मला त्या माणसाची इतकी माया आली, की मी उठून आत गेलो आणि उगाच कपबशा शोधत बसलो. रविवारी ते प्रत्येक प्लेटला नावानं हाक मारून बरे झालात का म्हणून का विचारत, हे मला इतक्या वर्षांनी तिथं, मांडणीसमोर उभं राहून कळलं.

पुढचे पंधरा दिवस मी पोस्टमनला टाळत होतो. पत्र शेवटी आलंच. पोस्टमननं सवयीनं फाटकाबाहेरून फेकलं, आणि मी ते उचलून आत नेलं. डोमाजींनी चष्मा नसल्याचं सांगून मलाच वाचायला लावलं. चष्मा त्यांच्या कपाळावर होता.

मी वाचलं. भाग पसंत पडला आहे. तेरा भागांची मालिका मंजूर करण्यात येत आहे. शेवटच्या दृश्यातले सकाळचे ढग आणि त्याखालून जाणारी पाखरांची रांग सर्वांना विशेष आवडली. शक्य असल्यास हेच ढग पुढच्या प्रत्येक भागाच्या शेवटी पुन्हा यावेत.

मी ते शेवटचं वाक्य दोनदा वाचलं.

डोमाजी उठले. चुलीवर चहाचं आधण ठेवलेलं होतं, ते तसंच टाकून आत गेले आणि पेटी उघडली. लुगड्याच्या घडीतून ती प्लेट काढली, धोतराच्या सोग्यानं हलकेच पुसली आणि दारातल्या उन्हाकडे धरली. दर रविवारी धरत तशीच.

"कौतिका," त्यांनी नाव वाचलं. मग म्हणाले, "आयकलं काय वो? पुन्हा ये म्हणून राहिले तुले."

चहा त्या दिवशी उकळून उकळून पार आटला. किती चित्रं झाली असतील, मी मोजली नाहीत.